एक शिलिंग सहा पेन्सचा रुपया

एका पौंडाला तेरा रुपये पाच आणे चार पै. हा भाव १९२७ साली कायद्याने बसला आणि ६ जून १९६६ पर्यंत जागचा हलला नाही. मधल्या काळात जागतिक मंदी आली, महायुद्ध झाले, देशाची फाळणी झाली, चीन आणि पाकिस्तानशी लढाया झाल्या. १९५७ साली आणे आणि पै गेले तेव्हा हाच भाव १३ रुपये ३३ पैसे असा लिहू लागले, एवढाच काय तो फरक. मुलाला विलायतेला शिकायला पाठवणाऱ्या बापाने १९३५ साली जो गुणाकार केला, तोच त्याच्या नातवाच्या वेळी १९६५ सालीही करता आला.

हे सांगायचे कारण असे की रुपयाच्या इतिहासाबद्दल आपल्याकडे जे काही बोलले जाते ते बहुतेक डॉलरच्या भाषेत. त्यातली सर्वांत लाडकी दंतकथा म्हणजे १९४७ साली एक रुपया एका डॉलरला मिळत होता. हे साफ खोटे आहे. त्या वेळी रुपयाचा डॉलरमधला भाव स्वतंत्रपणे ठरत नव्हता. तो पौंडावरून निघायचा. पौंडाचा भाव ४.०३ डॉलर, पौंडाचे रुपये १३.३३, म्हणजे डॉलरला ३ रुपये ३१ पैसे. ज्याला हवे त्याने भागाकार करून पाहावा. रुपयाची खरी गाठ होती ती पौंडाशी, आणि ती १९७५ पर्यंत सुटली नाही. म्हणून हा आढावा त्याच जोडीचा.

आकडे वाचताना एक खबरदारी घ्यावी लागते. जुन्या कागदपत्रांत एका रुपयाला किती पेन्स असे लिहिलेले असते, आज आपण एका पौंडाला किती रुपये असे लिहितो. पहिल्यात आकडा वाढला की रुपया चढला, दुसऱ्यात आकडा वाढला की रुपया उतरला. १२ पेन्सांचा एक शिलिंग, २४० पेन्सांचा एक पौंड. तेव्हा १६ पेन्स म्हणजे पौंडाला १५ रुपये, १८ पेन्स म्हणजे १३ रुपये ५ आणे ४ पै, २४ पेन्स म्हणजे १० रुपये. हे तीन आकडे ध्यानात ठेवले की पुढचे सगळे भांडण कळते.

रुपया एकच नव्हता तो काळ इथे सोडून देतो. पेशवाईतल्या अंकुशी, सुरती, हाली शिक्क्यांचा बट्टा काढता काढता सराफांची घरे चालली, आणि न्यायमूर्ती रानड्यांनी १८९९ साली मराठ्यांच्या टांकसाळींवर स्वतंत्र निबंध वाचला, इतके पुरे. १८३५ साली कंपनी सरकारने १८० ग्रेन वजनाचा, त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी असलेला रुपया सगळ्या मुलखात एकसारखा केला. टांकसाळ खुली होती. कोणीही चांदी न्यावी, पाडणावळ द्यावी आणि रुपये घेऊन यावेत. इंग्लंड सोन्यावर, हिंदुस्थान चांदीवर. त्यामुळे हुंडणावळीचा (चलनांच्या अदलाबदलीचा) दर म्हणजे सोन्याचांदीचा आपसातला भाव, आणि तो दोन शिलिंगांच्या आतबाहेर अनेक वर्षे टिकला.

तो मोडला १८७० नंतर. जर्मनीने चांदी सोडून सोन्याचे नाणे धरले, तिच्यामागून युरोपातले इतर देश गेले, आणि अमेरिकेतल्या नेवाडाच्या खाणींतून चांदीचा पूर आला. १८७१-७२ मध्ये रुपया २३ पेन्सांचा होता. १८९२-९३ मध्ये तो १५ पेन्सांवर आला, १८९४-९५ मध्ये १३ वर. वीस-बावीस वर्षांत चाळीस टक्क्यांहून अधिक घसरण. आजच्या कुठल्याही वर्तमानपत्राने याला रुपयाची दुर्दशा म्हटले असते. गंमत अशी की मुंबईचे गिरणीमालक या दुर्दशेत मजेत होते. रुपया उतरला म्हणजे मँचेस्टरचे कापड महागले. चीनही चांदीवर होता, त्यामुळे मुंबईचे सूत तिकडे जुन्याच भावात जायचे आणि सोन्यावर चालणारे इंग्रजी सूत मात्र महाग पडायचे.

ओरड केली ती सरकारने. तिचे कारण होते होम चार्जेस. रेल्वेच्या कर्जाचे व्याज, लंडनच्या इंडिया ऑफिसचा खर्च, निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शने, सैन्याचे सामान हे सगळे पौंडात द्यायचे आणि वसुली मात्र रुपयात. १८९२-९३ मध्ये असे सुमारे १ कोटी ६५ लाख पौंड पाठवायला साडेसव्वीस कोटी रुपये लागले. वीस वर्षांपूर्वीच्या, १८७३-७४ च्या भावाने तेवढ्यालाच पावणेअठरा कोटी पुरले असते. मधले पावणेनऊ कोटी शेतसारा आणि मिठाच्या करातूनच यायचे होते.

पैसे पाठवण्याची रीत पाहण्यासारखी होती. दर बुधवारी लंडनमध्ये बँक ऑफ इंग्लंडमध्ये भारतमंत्री कौन्सिल बिलांचा लिलाव करायचे. ज्या इंग्रज व्यापाऱ्याला हिंदुस्थानातला कापूस, ताग, गहू घ्यायचा असेल तो तिथे पौंड भरून हुंडी घ्यायचा. ती बोटीने मुंबईला, कलकत्त्याला किंवा मद्रासला यायची आणि इथल्या सरकारी खजिन्यातून रुपये मिळायचे. म्हणजे हिंदुस्थानच्या निर्यातीचे पौंड लंडनमध्येच राहायचे, इथल्या शेतकऱ्याला त्याच्याच कराच्या रुपयांतून मोबदला मिळायचा. दादाभाई नौरोजींनी ज्याला संपत्तीचा ओघ म्हटले त्याची नळी पाहायची असेल तर ती ही. आणि या नळीचा चाप म्हणजे हुंडणावळीचा दर.

१८९३ साली हर्शेल समितीच्या शिफारशीवरून २६ जूनला टांकसाळी चांदीला बंद झाल्या. रुपये पाडणे यापुढे सरकारच्या हाती. नाणे टंचाईत ठेवायचे, म्हणजे त्याचा भाव आतल्या चांदीपेक्षा वर जाईल आणि १६ पेन्सांवर थांबवता येईल, असा बेत. त्याच वर्षी गोऱ्या अधिकाऱ्यांना हुंडणावळीच्या नुकसानीचा भत्ता सुरू झाला. त्यांच्या निम्म्या पगारापर्यंत १८ पेन्सांचा खास दर. बाजारात रुपया १४-१५ पेन्सांचा असताना! दर कोणासाठी धरायचा असतो याचे इतके उघड उत्तर पुढे कोणत्याही समितीने दिले नाही.

बेत जमायला पाच वर्षे लागली. १८९८ मध्ये रुपया १६ पेन्सांवर पोचला आणि १८९९ मध्ये सॉव्हरिन हे एक पौंडाचे सोन्याचे नाणे १५ रुपयांना कायदेशीर चलन झाले. दादाभाईंनी पुढच्या चलन समितीला, फाउलर समितीला, लिहून कळवले होते की ही रयतेवर छुपी करवाढ आहे. त्यांचा मुद्दा साधा होता. सारा तेवढ्याच रुपयांचा, पण प्रत्येक रुपयामागे आता जास्त धान्य विकावे लागणार. मुंबईच्या गिरण्यांनाही फटका बसला. चीन चांदीवरच राहिला आणि रुपया चांदीपासून तुटला, त्यामुळे सुताच्या त्या पेठेत मुंबईचा माल महाग झाला. त्या पेठेत जपानने पुढे जो जम बसवला त्याला कारणे आणखीही होती, पण हे एक होतेच.

यानंतरची व्यवस्था अर्थशास्त्राच्या पुस्तकांत सुवर्ण विनिमय परिमाण या नावाने येते. फाउलर समितीने सुचवलेली सोन्याची टांकसाळ इंग्लंडच्या कोषागाराच्या आडकाठीने त्या वेळी उघडलीच नाही. रुपया पाडताना मिळणारा नफा सुवर्ण निधी म्हणून बाजूला पडला, पण ठेवला लंडनमध्ये, बराचसा इंग्रजी रोख्यांत. इंडिया ऑफिसात कारकुनी केलेल्या केन्सने १९१३ सालच्या आपल्या पहिल्याच ग्रंथात या व्यवस्थेची तारीफ केली. देशात सोने फिरवत बसण्याची गरज नाही, बाहेरचा भाव स्थिर राहिला की झाले, असे त्याचे म्हणणे. मार्चेल्लो दे चेक्को या इटालियन अभ्यासकाने साठ वर्षांनी तीच गोष्ट उलटीकडून पाहिली. १९१४ पूर्वीचे लंडनचे प्रसिद्ध सुवर्ण परिमाण सुरळीत चालत होते त्यात हिंदुस्थानच्या निर्यातीच्या शिलकीचा मोठा वाटा होता, असे त्याने दाखवले. दोघे एकाच यंत्राचे वर्णन करत होते. एकाने घड्याळाचा काटा पाहिला, दुसऱ्याने चावी कोणाच्या खिशात आहे ते.

केन्सला सर्वांत कडक उत्तर मात्र आपल्याकडून गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा लंडनचा प्रबंध १९२३ साली ग्रंथरूपाने आला. त्याला प्रस्तावना होती अर्थशास्त्रज्ञ एडविन कॅननची. आंबेडकरांचा आक्षेप असा: बाहेरचा भाव स्थिर आहे म्हणून आतला भाव स्थिर राहतो असे नाही. सरकारला वाटेल तेवढे रुपये पाडता येतात, त्यावर लगाम कुठलाच नाही. मग रुपयाची देशातली खरेदीशक्ती घसरते, आणि गरिबाचा संबंध तिच्याशी असतो, लंडनच्या भावाशी नाही. त्यांनी सुचवलेला उपाय होता टांकसाळ सरकारलाही बंद करण्याचा. हा ग्रंथ महाराष्ट्रात पूज्य आहे, पण वाचला कमी जातो. त्यातली पहिली काही प्रकरणे चलनाचा इतिहास म्हणून आजही उत्तम आहेत.

या ग्रंथाच्या आधीच पहिल्या महायुद्धाने चांदीचा सूड उगवला होता. युद्धात चांदी इतकी महागली की रुपयातली चांदी रुपयाहून किमती झाली. नाणी वितळवण्यात फायदा दिसू लागला. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची कागदी नोट पहिल्यांदा आली ती या टंचाईमुळे. अमेरिकेने १९१८ साली खास कायदा करून वीस कोटी औंस चांदी विकली तेव्हा कुठे सरकारचा जीव भांड्यात पडला. दर तोवर पायरीपायरीने चढत गेला: १७ पेन्स, १८, २०, आणि १९१९ च्या डिसेंबरात २८.

इथे घडला या इतिहासातला सर्वांत महागडा मूर्खपणा. बॅबिंग्टन स्मिथ समितीने रुपया दोन शिलिंग सोन्याला कायमचा बांधावा अशी शिफारस केली. समितीत एकच हिंदी सभासद होता, मुंबईच्या बाजारातला दादिबा मेरवानजी दलाल. चांदीचे हे चढणे तात्पुरते आहे, १६ पेन्सच ठेवा, असे त्याने वेगळे टिपण जोडून सांगितले. बाजारात आयुष्य गेलेल्या माणसाला जे दिसत होते ते समितीतल्या इतरांना दिसले नाही. फेब्रुवारी १९२० मध्ये अहवाल जाहीर झाला. त्या वेळी पौंड स्वतःच सोन्याच्या खाली होता, त्यामुळे दोन शिलिंग सोने म्हणजे पौंडाच्या हिशेबात जवळजवळ दोन शिलिंग दहा पेन्स! आणि हा भाव टिकवायला सरकार रिव्हर्स कौन्सिल बिले विकू लागले, म्हणजे इथे रुपये घेऊन लंडनमध्ये पौंड द्यायचे. ज्याला पैसा विलायतेला न्यायचा होता त्याची चंगळ झाली. १५ रुपयांना जमवलेला पौंड सात ते दहा रुपयांना विकला गेला. सप्टेंबरअखेर हा खेळ थांबला तोवर साडेपाच कोटी पौंड गेले होते. पुढच्या काही महिन्यांत रुपया १५-१६ पेन्सांवर येऊन आदळला. दोन शिलिंगांच्या भरवशावर विलायती कापडाच्या ऑर्डरी दिलेल्या व्यापाऱ्यांनी हात वर केले. या भावाने पैसे चुकवणे आम्हांला शक्य नाही, असे ठराव त्यांच्या मंडळांनी केले. दलालांचे टिपण तेव्हा लोकांनी पुन्हा काढून वाचले असेल.

मग आले १६ पेन्स की १८ पेन्स हे प्रसिद्ध भांडण. चलन आवळून सरकारने रुपया १९२४ अखेर १८ पेन्सांवर आणला आणि १९२५-२६ च्या हिल्टन यंग आयोगाने तोच भाव पक्का करायला सांगितला. आयोगाचे सभासद सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांची भिन्नमतपत्रिका १६ पेन्सांची. मुंबईत करन्सी लीग निघाली, सभा झाल्या, आणि विधिमंडळात सरकारचा ठराव थोडक्या मतांनी तरला. दोन पेन्सांसाठी एवढा गदारोळ का, हे एका उदाहरणात पाहू. समजा खानदेशातला कापूस लिव्हरपूलला रतलामागे १२ पेन्सांना जातो. १६ पेन्सांच्या रुपयात त्याचे बारा आणे होतात. १८ पेन्सांच्या रुपयात दहा आणे आठ पै. सारा तेवढाच, सावकाराचे व्याज तेवढेच. सुमारे अकरा टक्क्यांची ही तफावत विलायती मालाला सवलत म्हणूनही मिळत होती, आणि होम चार्जेस पाठवणाऱ्या सरकारलाही.

राष्ट्रीय इतिहासलेखनात १८ पेन्स म्हणजे शुद्ध लूट असे समीकरण झाले. मला ते अर्धेच पटते. एकदा किंमती नव्या दराशी जुळल्या की १६ आणि १८ यांत फरक उरत नाही, हे आयोगाचे म्हणणे तत्त्वतः बरोबर होते. चूक होती ती किंमती आधीच जुळल्या आहेत या गृहीतात. जुळवून घेण्याचे काम उरलेच होते, आणि ते १९२६ ते १९३१ या काळात चलन टंचाईत ठेवून, व्याज चढे ठेवून करवून घेतले गेले, नेमके जगभर भाव कोसळत असताना. पण दुसरी बाजूही मुंबईकरांनी विसरू नये. स्वस्त रुपया मागणारे गिरणीमालक १९२५ मध्ये मजुरी साडेअकरा टक्क्यांनी कापायला निघाले होते आणि संप ओढवून बसले होते. स्वस्त रुपयाने तीच कपात महागाईच्या वाटेने, कोणाच्या लक्षात न येता झाली असती. उतरत्या दराचा निर्यातदाराला होणारा नफा मजुरी मागे रेंगाळल्यामुळे होतो, हे आंबेडकर हिल्टन यंग आयोगापुढे सांगत होते ते उगीच नव्हे.

हा प्रश्न किती वर पोचला होता याची खूण म्हणजे गांधीजींनी जानेवारी १९३० मध्ये मांडलेल्या अकरा मागण्या. दारूबंदी, सारा निम्मा करणे, मीठकर रद्द करणे यांच्या रांगेत एक मागणी होती हुंडणावळ १ शिलिंग ४ पेन्स करण्याची. मिठाची मागणी जगाला माहीत झाली. ही हुंडणावळीची विसरली गेली. ती ठाकुरदास आणि बिर्ला मंडळींच्या मनातली होती हे उघड आहे, पण कापूस विकणाऱ्या शेतकऱ्याचाही तिच्यात हिस्सा होता.

२१ सप्टेंबर १९३१ रोजी इंग्लंडने सोने सोडले. रुपयाला मोकळे करायची ही संधी होती. नवी दिल्लीच्या गोऱ्या सरकारलाही तेच बरे वाटत होते. पण लंडनने रुपया १८ पेन्सांना पौंडाशीच बांधून टाकला. आता पौंडाबरोबर रुपयाही सोन्याच्या तुलनेत उतरला. कायद्यातला भाव होता तोळ्याला २१ रुपये ३ आणे १० पै. सराफकट्ट्यावरचा भाव त्याच्या वर चढू लागला, आणि कर्जात बुडालेल्या घरांतून दागिने बाहेर पडू लागले. पहिल्या दोन वर्षांतच शंभर कोटी रुपयांहून अधिक सोने मुंबई बंदरातून बाहेर गेले. लोक नफ्यासाठी विकत आहेत, असे सरकार म्हणे. इतिहासकार दीटमार रोथरमुंड यांनी मंदीतल्या ग्रामीण कर्जाशी या सोन्याचा जो धागा जोडून दाखवला आहे, तो पाहता काही नफेखोर असले तरी बहुतेक सोने गरजेपोटीच विकले गेले असावे. या सोन्याने पौंड सावरला, होम चार्जेस बिनबोभाट गेले, आणि १८ पेन्सांचा दर टिकला. त्यानंतर त्याला हात लावायची गरजच कोणाला भासली नाही.

१९३५ मध्ये रिझर्व्ह बँक उघडली तेव्हा तिच्या कायद्यातच हा दर कोरून ठेवला होता. बँकेने पौंड विकायचा तो १ शिलिंग ५ पूर्णांक ४९/६४ पेन्सांच्या खाली नाही, घ्यायचा तो १ शिलिंग ६ पूर्णांक ३/१६ पेन्सांच्या वर नाही. पेन्सचे चौसष्टावे भाग मोजणारी ही कलमे वाचली की देशाच्या मध्यवर्ती बँकेला किती मोकळीक होती ते कळते.

दुसऱ्या महायुद्धात चित्र पालटले. ब्रिटनने हिंदुस्थानातून सैन्यासाठी माल उचलला आणि मोबदल्यात लंडनमध्ये पौंडांची नोंद केली. इथे त्या नोंदीच्या आधारावर नोटा छापल्या गेल्या, महागाई भडकली, बंगालच्या दुष्काळात माणसे मेली. युद्ध संपले तेव्हा या पौंड शिलकी १३० कोटी पौंडांच्या आसपास होत्या. कर्जदार हिंदुस्थान सावकार झाला, पण वसुली ऋणकोच्या मर्जीवर. रायगड जिल्ह्यातून आलेले चिंतामणराव देशमुख तेव्हा रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर होते आणि १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत हिंदी शिष्टमंडळाबरोबर गेले होते. या शिलकीचा प्रश्न तिथे काढूनही हाती काही लागले नाही. तो दोन सरकारांनी आपसांत सोडवावा असे ठरले.

१८ सप्टेंबर १९४९ रोजी ब्रिटनने पौंड ४.०३ वरून २.८० डॉलरवर आणला. भारत मागोमाग गेला. म्हणून डॉलर ३.३१ वरून ४.७६ रुपये झाला, पण पौंड १३.३३ च राहिला. पाकिस्तानने मात्र आपला रुपया खाली आणला नाही. काल परवापर्यंत एक असलेले चलन, आणि आता शंभर पाकिस्तानी रुपयांना १४४ भारतीय! भारताने हा दर मानायला नकार दिला, व्यापार ठप्प झाला, पूर्व बंगालचा ताग तिकडे पडून राहिला आणि हुगळीकाठच्या गिरण्या इकडे अडल्या. १९५१ च्या सुरुवातीला भारताने तो दर निमूटपणे मान्य केला.

पन्नासच्या दशकातली स्थिरता माझ्या मते सर्वांत फसवी. दर हलला नाही, कारण त्याचे काम परवान्यांनी उचलले होते. परदेशी जायला चलन हवे तर रिझर्व्ह बँकेचा परवाना, यंत्र मागवायचे तर आयात परवाना. काळ्या बाजारात पौंड वेगळ्याच भावाने मिळायचा. १३.३३ हा भाव ज्याला परवाना मिळाला त्याच्यासाठी खरा होता.

६ जून १९६६ चे अवमूल्यन त्यामुळे अटळ होते. दुष्काळ, १९६५ चे युद्ध, थांबलेली परदेशी मदत, आणि जागतिक बँकेचा दबाव. डॉलर ४.७६ वरून साडेसात, पौंड १३.३३ वरून २१. इंदिरा गांधींवर स्वपक्षीयांनीही टीका केली. पाठोपाठ दुसरे दुष्काळी वर्ष आल्याने निर्यात वाढली नाही, आणि अवमूल्यन म्हणजे अपमान ही समजूत पक्की होऊन बसली. एक धागा आखातात तुटला: तिथल्या काही संस्थानांत रिझर्व्ह बँकेने खास छापलेला रुपया चालायचा. या दणक्यानंतर तिथल्या शेखांनी तो सोडला.

नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंड २.४० डॉलरवर घसरला आणि पहिल्यांदाच रुपया त्याच्या मागे गेला नाही. पौंड १८ रुपये झाला. १९७१ मध्ये अमेरिकेने डॉलरची सोन्याशी असलेली गाठ तोडल्यावर आपण थोडे दिवस डॉलर धरला, मग डिसेंबरात पुन्हा १८.९६७७ या दराने पौंड. पौंड १९७२ मध्ये तरंगता झाला, तेव्हा रुपयाही त्याच्याबरोबर वाहू लागला. २५ सप्टेंबर १९७५ रोजी ही गाठ अखेर सुटली आणि रुपया अनेक चलनांच्या टोपलीला बांधला गेला.

त्या दशकाबद्दल एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. १९६६ मध्ये २१ रुपयांचा पौंड १९७६-७७ मध्ये १५-१६ रुपयांवर आला होता. ब्रिटनमध्ये महागाई आपल्याहून भडकली होती आणि १९७६ साली तोच देश नाणेनिधीच्या दारात उभा होता. १९८५ च्या सुरुवातीला डॉलरच्या तडाख्यात पौंड पुन्हा चौदा-पंधराच्या आसपास दिसला. रुपया सतत घसरतच आला, हे डॉलरच्या तक्त्यावरून काढलेले अनुमान पौंडाच्या तक्त्यावर टिकत नाही. नंतर मात्र आपली महागाई त्यांच्याहून चढी राहिली आणि १९९० मध्ये पौंडाने तिशी ओलांडली.

१९९१ च्या जुलैत, १ आणि ३ तारखेला, दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले. पौंड चौतीस-पस्तीसवरून एकेचाळीस-बेचाळीसवर गेला. रिझर्व्ह बँक तोवरही आपला रोजचा दर पौंडातच जाहीर करत होती, आणि त्याच महिन्यात तिने ४७ टन सोने मुंबईहून विमानाने बँक ऑफ इंग्लंडकडे तारण म्हणून पाठवले. मार्च १९९२ मध्ये दुहेरी दराची व्यवस्था आली: निर्यातदाराचे चाळीस टक्के सरकारी दराने, साठ टक्के बाजारभावाने. मार्च १९९३ मध्ये दोन्ही दर एक झाले, आणि याच सुमारास रिझर्व्ह बँकेने हस्तक्षेपासाठी पौंडाऐवजी डॉलर धरला.

तेव्हापासून रुपया-पौंड असा स्वतंत्र बाजार जवळजवळ उरलेला नाही. पौंडाचा भाव दोन गणितांचा गुणाकार आहे: डॉलरला रुपये किती आणि पौंडाला डॉलर किती. ऑगस्ट २०१३ मध्ये पौंड शंभरी ओलांडून गेला तेव्हा लंडनमध्ये काहीच घडले नव्हते. डॉलर ६८ च्या पुढे गेला होता. जून २०१६ मध्ये ब्रेक्झिटच्या मतदानानंतर पौंड शंभराच्या आसपासहून घसरत ऑक्टोबरपर्यंत ८२ वर आला, तेव्हा इथे काही घडले नव्हते. सप्टेंबर २०२२ मध्ये लंडनच्या नव्या सरकारने कर्ज काढून करकपात जाहीर केली आणि पौंड थोड्या वेळासाठी १.०३ डॉलरवर गेला. रुपयाही त्याच दिवसांत डॉलरपुढे नमत होता, तरी पौंड पंच्याऐंशीच्या आसपास मिळाला. त्या आठवड्यात पुण्याहून किंवा नाशिकहून इंग्लंडच्या विद्यापीठाची फी भरणाऱ्यांचे बरेच पैसे वाचले. पुढे पौंड पुन्हा शंभरीपार गेला. फी भरणाऱ्याने आज डॉलरचा भाव पाहून पौंडाचा अंदाज बांधू नये. दोन्ही गणिते वेगवेगळी पाहावीत, आणि बँक तिसरे गणित म्हणून आपली कसर त्यावर लावते तीही विचारून घ्यावी.